पहिल्या अंड्यानंतर कबुतराची मादी फुगून बसली आहे, पायात जोर नाही. अँटिबायोटिक सुरू करू का?

राखाडी_पंख

होमर जातीची मादी, वय दीड वर्ष, एरवीचं वजन ४०० ग्रॅमच्या आसपास. या हंगामातली ही अंड्यांची सलग चौथी खेप, आधीच्या तिन्ही वेळची पिल्लं या जोडीनेच वाढवली. परवा संध्याकाळी साडेपाचला पहिलं अंडं आलं. कवच खरखरीत आहे आणि एका टोकाला पातळ वाटतं. आज संध्याकाळचे सहा वाजले, दुसरं अंडं अजून नाही.

काल रात्रीपासून पिसं फुगवून जमिनीवर बसते. दोन्ही पंख खाली सुटलेत. उभी केली तर पाय फाकून थरथरते आणि पुन्हा बसते. शेपूट श्वासाबरोबर वरखाली होते. शीट (विष्ठा) अगदी थोडी, गडद हिरवी, भोवती पांढरं पाणी. गळ्याची पिशवी रिकामी लागते. मान सरळ आहे, नजर सावध आहे.

खाणं गहू, मका, बाजरी आणि थोडे हरभरे. ग्रिटच्या (दाण्यांसोबत टिपायच्या खडीच्या) डब्यात विटेचा चुरा आणि वाळू असते. ढाबळीवर पत्रा आहे, उजेडासाठी मध्ये प्लास्टिकचा पारदर्शक तुकडा. हिरवी शीट बघून एन्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक सुरू करावं असं सुचवलं गेलं आहे. करू का? नर अंड्यावर येऊन बसतो आहे.

दाणापाणी

अँटिबायोटिक आत्ता नको. आधी दुसरं अंडं आत अडकलंय का ते बघा.

कबुतरात पहिलं अंडं संध्याकाळी येतं आणि दुसरं त्यानंतर साधारण ४४ तासांनी, म्हणजे एक दिवस सोडून दुपारी एक-दोनच्या सुमारास. तुमच्या मादीची ती वेळ चार-पाच तासांपूर्वी टळली आहे. अंडं एकच आलं आणि मादी निरोगी असेल तर वाट बघता येते, काही माद्या एकच घालतात. पण फुगलेली, पाय फाकलेली, शेपूट हलवत श्वास घेणारी मादी आणि वेळ टळलेली, हे सगळं एकत्र आलं की अंडं अडकलंय असं धरूनच चालायचं.

तपासताना एका हाताने तिला छातीशी धरा, पंख आवळून ठेवा, पण छाती दाबू नका. पक्षी छातीचं हाड हलवून श्वास घेतो, ते दाबलं की गुदमरतो. दुसऱ्या हाताचं एक बोट छातीच्या हाडाचं खालचं टोक आणि गुदद्वाराच्या दोन बाजूंना लागणारी टोकदार हाडं यांच्या मधल्या मऊ जागेवर हलकेच फिरवा. टणक गोल लागलं तर कवच असलेलं अंडं आहे. काहीच लागलं नाही म्हणून निर्धास्त होऊ नका. मऊ कवचाचं अंडं बोटाला लागत नाही आणि अडकतंही तेच जास्त, कारण स्नायूंना ढकलायला घट्ट पकड मिळत नाही. कसंही असलं तरी दाबून बाहेर काढायचा प्रयत्न करू नका. अंडं आत फुटलं की कवचाच्या धारेने अंडनलिका कापली जाते आणि आतला बलक पोटात उतरला तर पोटाच्या आवरणाला सूज येते. त्यातून मादी क्वचितच वाचते.

आता करायचं ते असं, आणि क्रम बदलू नका.

आधी ऊब. खोक्यात टॉवेल घाला, एका बाजूला दिवा लावा, दुसरी बाजू मोकळी ठेवा. मादी जिथे बसते तिथे २९ ते ३२ अंश सेल्सिअस असायला हवं. थर्मामीटर तिच्या उंचीवर ठेवा, अंदाजावर जाऊ नका. चोच उघडून धापा टाकू लागली तर दिवा लांब करा. दिव्याच्या बाजूला ओल्या फडक्याची वाटी ठेवली तर हवा दमट राहते, त्याने नलिकेचा भाग सैल व्हायला मदत होते. वर अर्धं झाकण टाका. अंधार आणि शांतता हवी.

अर्ध्या-पाऊण तासाने, अंग गरम झाल्यावर, कोमट पाणी. त्यात इलेक्ट्रोलाइटची पावडर चालेल. कबुतर चोच बुडवून ओढून पितं, त्यामुळे चोच नाकपुडीच्या खालपर्यंत पाण्यात टेकवली की बहुतेक वेळा स्वतःच पितं. एका वेळी ८-१० मिली पुरे. गार पडलेल्या पक्ष्याच्या पोटात दाणे किंवा भरवलेलं पीठ घालू नका, ते पिशवीत तसंच आंबतं.

त्यानंतर कॅल्शियम, तोंडावाटे. पक्ष्याला किलोमागे २५ ते १५० मिलिग्रॅम शुद्ध कॅल्शियम, दिवसातून दोनदा. ४०० ग्रॅमच्या मादीला हा हिशेब १० ते ६० मिलिग्रॅम येतो. २५ मिलिग्रॅमने सुरुवात करा. बाटलीवरचं लेबल नीट वाचा, कारण बरेच जण इथेच फसतात. लिहिलेला आकडा कॅल्शियम कार्बोनेटचा असेल तर त्यातलं ४० टक्केच कॅल्शियम असतं, ग्लुकोनेटचा असेल तर जेमतेम ९ टक्के. म्हणजे ५ मिलीत २५० मिलिग्रॅम शुद्ध कॅल्शियम असलेल्या द्रावणाचा अर्धा मिली झाला तुमचा २५ मिलिग्रॅमचा डोस. तेच २५० मिलिग्रॅम कार्बोनेटचे असतील तर सव्वा मिली लागेल.

सिरिंजने देताना थेंब थेंब चोचीच्या कडेला सोडा. जिभेच्या मुळाशी जी फट उघडझाप करते ती श्वासनलिका आहे, घसा समजून तिथे धार सोडली तर औषध फुप्फुसात जातं.

गुदद्वारात तेलाचे दोन-तीन थेंब सोडले तरी चालतील.

निळी_चोच

दाणापाणी यांच्याशी सहमत, फक्त शेवटच्या तेलाबद्दल नाही. तेल आत सोडू नका. अंडं अजून वर असेल तर ते तिथवर पोचत नाही, आणि त्या जागेत विष्ठामार्ग, मूत्रमार्ग, अंडमार्ग तिन्ही उघडतात, तेव्हा ड्रॉपरच्या टोकाने बाहेरची घाण वर ढकलली जाते. अंड्याचं टोक दिसत असेल तरच कडेला पाण्यात विरघळणारी जेल बोटाने लावा.

कॅल्शियमचं इंजेक्शन घरी कोणी देऊ नये. शिरेत वेगाने गेलं तर हृदय थांबतं, आणि स्नायूत चुकीच्या तीव्रतेचं गेलं तर मांस सडतं. ते पशुवैद्यकाचं काम.

वेळेची मर्यादाही आत्ताच ठरवून ठेवा. ऊब, पाणी आणि कॅल्शियम देऊन तीन-चार तासांत अंडं आलं नाही तर पक्ष्यांचा पशुवैद्यक गाठा. चोच उघडून श्वास, मान टाकणं किंवा गुदद्वारातून लाल मांस बाहेर येणं यातलं काहीही दिसलं तर तीन तासही थांबू नका. अडकलेलं अंडं मूत्रपिंड आणि पायाकडे जाणाऱ्या नसा दाबून ठेवतं, त्यामुळे नुकसान तासागणिक वाढत जातं. लाल मांस बाहेर आलं तर ते कोरडं पडू देऊ नका. ०.९ टक्के सलाइनने भिजवलेलं स्वच्छ फडकं त्यावर ठेवा आणि निघा. ते बोटाने आत ढकलायचं नाही, आत अंडं असेल तर ते पुन्हा बाहेर येणारच.

आता हिरव्या शीटेबद्दल. रिकाम्या पोटी पित्त तसंच उतरतं, त्यामुळे न खाणाऱ्या कुठल्याही कबुतराची शीट थोडी, गडद हिरवी आणि पांढऱ्या पाण्यात असते. ती उपासाची खूण आहे, साल्मोनेला या जंतूची असेलच असं नाही. अंडी घालण्याच्या आसपास मादीची शीट एरवीही सैल आणि वासाची असते. अंड्यावर बसलेली मादी तर तासन्‌तास रोखून ठेवते आणि उठल्यावर एकदम मोठा, घाण वासाचा गोळा टाकते, त्यालाही पुष्कळ जण हगवण समजून औषधं सुरू करतात.

एन्रोफ्लॉक्सासिनचा इथे आणखी एक तोटा आहे. ते औषध आणि डॉक्सिसायक्लिनसारखी टेट्रासायक्लिन औषधं पोटात कॅल्शियमला चिकटतात. औषध वाया जातं आणि कॅल्शियमही. म्हणून ही औषधं चालू असताना ग्रिट काढून ठेवतात. ज्या मादीला कॅल्शियमच कमी पडलंय तिच्या पुढचा ग्रिट काढायची वेळ आपणच आणायची, असं ते होतं. खरंच जंतुसंसर्ग असेल तर द्यावं लागेल, पण तपासून.

पायात जोर नसणं चार-पाच कारणांनी होतं, ती वेगळी ओळखता येतात. कॅल्शियम कमी पडलं तर दोन्ही पाय एकदम लटपटतात, पंख सुटतात, अंग थरथरतं, पण नजर सावध असते, आणि कॅल्शियम दिल्यावर काही तासांत ते एका दिवसात फरक दिसतो. नस दबली असेल तर बहुधा एकच पाय जातो, बोटं काठीला धरत नाहीत, चिमटा काढला तर पाय ओढून घेणं मंद होतं. पॅराटायफॉइड, म्हणजे साल्मोनेलाच, असेल तर पंखाच्या कोपराला किंवा पायाच्या सांध्याला गरम, मऊ सूज लागते, एक पंख लोंबतो, वजन हळूहळू उतरत गेलेलं असतं, आणि त्या ढाबळीत अंड्यातच मेलेली पिल्लं आधीपासून निघत असतात. पॅरामिक्झोव्हायरस या विषाणूच्या आजारात शीटेत पाणीच पाणी, मान वळणं, डोकं थरथरणं, दाणा टिपताना नेम चुकणं. आणि पाय हलवताच ती झटका देऊन दुखल्यासारखं करत असेल तर हाड मोडलेलं असू शकतं. सलग अंड्यांनी पोकळ झालेलं हाड साध्या उडीनेही मोडतं.

तुमच्या वर्णनात दोन्ही पाय, दोन्ही पंख, थरथर, सरळ मान आणि सावध नजर आहे. सांधे एकदा चाचपून बघा, पण मला हे कॅल्शियमचंच वाटतं.

राखाडी_पंख

सांधे बघितले, सूज नाही. बोटाला टणक काही लागलं नाही. ऊब दिली, ती दहा मिली पाणी स्वतः प्यायली, २५ मिलिग्रॅम कॅल्शियम दिलं. रात्री साडेनऊला मऊ, कवच नसल्यासारखं अंडं आलं, पिशवीसारखं, न फुटता. त्यावर रक्ताची एक बारीक रेघ होती. मांस बाहेर आलेलं नाही. सकाळी मादी दोन्ही पायांवर उभी आहे, थरथर नाही, थोडे गहू खाल्ले. पण डाव्या पायाची बोटं मिटलेली राहतात, काठीवर टिकत नाही.

आता पहिल्या अंड्याचं काय करू? नर त्यावर बसतो आहे. आणि मादीला परत कधी सोडू?

निळी_चोच

रक्ताची एखादी रेघ चालते, विशेषतः तरुण मादीत. पुढचे दोन दिवस गुदद्वार सकाळ-संध्याकाळ बघा. रक्त गळत राहिलं, पिवळा वासाचा स्राव आला किंवा पोट फुगून पिठाच्या गोळ्यासारखं मऊ लागलं तर नलिकेला सूज किंवा बलक पोटात उतरल्याची शंका घ्यायची. ते घरी बरं होणारं दुखणं नाही. अँटिबायोटिकची खरी वेळ तेव्हा येते, आणि कोणतं द्यायचं ते पशुवैद्यकाने तपासून ठरवायचं. पुढे कधी साल्मोनेलाची शंका आली तर शीटेचा एकच नमुना पुरत नाही, जंतू रोज पडत नाहीत. चार-पाच दिवसांची शीट एकत्र करून कल्चरला (जंतू वाढवून ओळखायच्या तपासणीला) द्या. हाताळताना हातमोजे घाला आणि नंतर साबणाने हात धुवा, हा जंतू माणसालाही लागतो.

डावा पाय आता नस दबल्याचा वाटतो. अंडं निघाल्यावर दाब गेला, पण नस सावरायला काही दिवस ते दोन-तीन आठवडे लागतात. काठी काढून टाका, जमिनीवर जाड टॉवेल घाला. टॉवेलचं वेटोळं करून त्यात बसवली तर अंगाचा भार छातीच्या हाडावर पडत नाही. पाणी आणि दाणे चोचीच्या उंचीवर ठेवा. बोटं दिवसातून दोन-तीनदा हळुवार उलगडून मिटवा. गुदद्वाराभोवतीची पिसं शीटेने भरली तर कोमट पाण्याने धुवून कोरडी करा.

कॅल्शियम २५ मिलिग्रॅम दोनदा, पाच दिवस. डी३ जीवनसत्त्व मिसळलेलं द्रावण असेल तर त्यापुढे नेऊ नका, जास्त डी३ने मूत्रपिंडात कॅल्शियम साचतं.

ढाबळवाला

अंड्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे: ते उबवायला ठेवू नका. पातळ, खरखरीत कवचातून पाणी लवकर उडतं आणि पिल्लू आत वाळून मरतं. आणि नर एकटा ते निभावू शकत नाही. नर साधारण सकाळी दहापासून दुपारी चार-पाचपर्यंत बसतो, बाकीचा सगळा वेळ आणि पूर्ण रात्र मादीची. जात खूप मोलाची असेल तर एक-दोन दिवसांच्या फरकाने अंडी घातलेल्या दुसऱ्या जोडीखाली ते सरकवा. पहिलं अंडं एकदोन दिवस थंड राहिलं तरी बिघडत नाही, कारण दुसरं येईपर्यंत जोडी त्यावर नुसती उभी असते, पूर्ण उब देत नाही.

पण अंडं उचललं आणि जोडी एकत्रच ठेवली तर आठ ते बारा दिवसांत ती परत अंडी घालते. या मादीच्या बाबतीत हे सर्वांत धोक्याचं आहे. निरोगी जोडीला थांबवायचं असतं तेव्हा खोटी अंडी ठेवून पूर्ण १७-१८ दिवस बसू देणं हा चांगला उपाय. त्यांना वाटतं काम चालू आहे आणि मादीच्या अंगातली अंड्याची तयारी थांबते. इथे मादी आजारी खोक्यात आहे, बसू शकत नाही, म्हणून तिला वेगळंच काढा. नर दिसणार नाही, घुमणं ऐकू येणार नाही अशा जागी. दोन माद्या एकत्र ठेवल्या तर त्याही आपसात जोडी लावतात आणि घरट्यात चार अंडी दिसतात, त्यामुळे सोबतीला दुसरी मादी ठेवण्याआधी ते लक्षात असू द्या.

किती दिवस? निदान सहा ते आठ आठवडे, आणि तेही तारखेवर नाही, अंगावर बघून. वजन पूर्ववत आलं पाहिजे, छातीच्या हाडाच्या दोन्ही बाजूंचं मांस भरलं पाहिजे, डाव्या पायाने काठी पकडली पाहिजे. पुढच्या हंगामात दोन, फार तर तीन खेपा आणि मग नर-मादी वेगळे. पिल्लं दोन-अडीच आठवड्यांची झाली की मादी पुढची अंडी घालते, म्हणजे एका खेपेची भरवणी संपायच्या आत दुसरीचं कवच तयार होत असतं. चार खेपा सलग हे दीड वर्षाच्या मादीला झेपणारं नाही.

दोन्ही अंडी मऊ आली असती किंवा ढाबळीतल्या दुसऱ्या माद्यांचीही कवचं पातळ येत असती तर दोष सरळ खाद्यात शोधायचा. एकीचंच असेल तर खेपा आणि तिची तब्येत. तुमच्याकडे बाकीच्या जोड्यांची कवचं कशी आहेत ते एकदा बघा.

दाणापाणी

खाद्याकडे येतो. एका अंड्याच्या कवचात अर्ध्या ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, दोन अंड्यांचं मिळून जवळजवळ एक ग्रॅम. कबुतर दिवसाला ३५-४० ग्रॅम दाणे खातं आणि धान्यात कॅल्शियम साधारण ०.०५ टक्के, मक्यात तर त्याहूनही कमी. म्हणजे दाण्यातून रोज २० मिलिग्रॅम. एका खेपेच्या नुसत्या कवचासाठी पन्नास दिवसांचे दाणे लागतील, आणि खेप येते तीस-पस्तीस दिवसांनी. शिवाय धान्यात फॉस्फरस कॅल्शियमच्या कितीतरी पट असतो, तो जे थोडं कॅल्शियम आहे तेही नीट शोषू देत नाही.

ही तूट मादी हाडातून भरते. अंडी घालण्याच्या आधीच्या आठ-दहा दिवसांत तिच्या लांब हाडांच्या पोकळीत कॅल्शियमचा एक तात्पुरता साठा तयार होतो, तो फक्त कवचासाठी. त्या दिवसांत समोर कॅल्शियम नसलं तर साठा अर्धवट राहतो. पहिलं अंडं कसंबसं निघतं, दुसऱ्याच्या वेळी कवचालाही काही उरत नाही आणि नलिकेच्या स्नायूंनाही. स्नायू आकसायला कॅल्शियमच लागतं. म्हणून दुसरं अंडं मऊ येतं आणि तेच अडकतं.

विटेच्या चुऱ्यात आणि वाळूत मादीच्या कामाचं कॅल्शियम जवळजवळ नाही. वाळू दाणे दळायला उपयोगी, ती राहू द्या. पण शिंपल्यांचा २ ते ४ मिलिमीटरचा चुरा वेगळ्या भांड्यात, बारा महिने समोर हवा. त्यात सुमारे ३८ टक्के कॅल्शियम असतं. चुनखडीची खडी किंवा उकळून वाळवून कुटलेली कोंबडीच्या अंड्यांची टरफलंही चालतात. अगदी पीठ करू नका, ते भांड्याच्या तळाशी बसतं आणि पक्षी टिपत नाही. ओलसर किंवा शीट पडलेला ग्रिट कबुतरं टाळतात, भांडं भरलेलं दिसतं आणि माद्या मात्र उपाशी असतात. आठवड्याला बदला. पाण्यातून कॅल्शियम देण्यावर विसंबू नका, किती पोटात गेलं ते कळत नाही.

कॅल्शियम आतड्यातून रक्तात जायला डी३ लागतं आणि ते कातडीवर थेट ऊन पडल्याशिवाय तयार होत नाही. काच आणि बहुतेक प्लास्टिकचे पत्रे नेमकी तीच किरणं अडवतात, उजेड भरपूर दिसला तरी. ढाबळीला जाळीचा उघडा भाग करा, जिथे माद्यांना रोज थोडा वेळ तरी अंगावर ऊन घेता येईल.

प्रथिनंही कमी वाटतात. पिल्लं वाढवताना मिश्रणात पंचवीस ते तीस टक्के डाळवर्गीय दाणे ठेवा. वाटाणा, मूग, हरभरा यातलं काहीही. विश्रांतीच्या काळात ते कमी करा, नाहीतर वेगळी ठेवलेली मादीही अंड्यावर येते.

आणि जंताचं औषध द्यायचं मनात असेल तर आत्ता थांबा. फेनबेंडाझोल आणि अल्बेंडाझोल कबुतरांना विषारी ठरू शकतात, पिसं वाकडी येतात आणि रक्त तयार होणं मंदावतं. मादी सावरल्यावर, शीट तपासून जंत खरंच असतील तर पशुवैद्यकाकडून दुसरं औषध घ्या.

राखाडी_पंख

बाकी जोड्यांची अंडी बघितली. आणखी दोन माद्यांची कवचं खरखरीत आहेत, एकीचं उजेडात धरल्यावर ठिपकेदार दिसतं. शिंपल्यांचा चुरा आजच ठेवला, तिन्ही माद्या त्याच्यावर तुटून पडल्या. त्या दोघींना तोंडावाटे कॅल्शियम देऊ का?

दाणापाणी

अंडी घालून झाली असतील आणि चालणं ठीक असेल तर नको, चुरा पुरे. पहिल्या दोन-तीन दिवसांत खूप खातील, मग आपोआप कमी करतील. शीट पांढरट, खडूसारखी झाली तरी घाबरू नका, जादा चुना तसाच बाहेर पडतो. त्यांच्याखाली खोटी अंडी ठेवा आणि अठरा दिवस बसू द्या. एखादीचं दुसरं अंडं अजून यायचं असेल तर मात्र आज संध्याकाळी आणि उद्या सकाळी २५ मिलिग्रॅम द्या, आणि दुपारी दोनला तिच्या घरट्यात डोकावून बघा.